मोरीचा अळू, नऊ मासे आणि आत्यांची अट

फलटणला आमच्या घरामागे बारा बाय वीसचं परस आहे. एक शेवगा, एक कढीपत्ता, तुळस, आणि कोपऱ्यात मोरीच्या पाण्यावर माजलेला अळू. 2023 चा पावसाळा असा गेला की ऑगस्टात विहिरी भरण्याऐवजी आटल्या. आमची बोअर दिवाळीपर्यंत कशीबशी अर्धा तास चालायची. त्या दिवाळीत भाच्याने मोबाइलवर अ‍ॅक्वापोनिक्सचा व्हिडिओ दाखवला: खाली टाकीत मासे, वर खडीच्या वाफ्यात भाजी, आणि तेच पाणी गोल गोल फिरतंय. भाजीला रोज नवीन पाणी घालायचं नाही. मी शाळेत मराठी शिकवते, रसायनशास्त्राशी दहावीनंतर संबंध नाही. पण पाण्याचा हिशोब कळला आणि ते डोक्यातून जाईना.

घरात विषय काढणं हीच पहिली परीक्षा होती. सासूबाई, म्हणजे आमच्या आत्या, माळकरी. त्यांना समजावलं की मासे पाणी घाण करतात, ते पाणी पंप खडीत चढवतो, खडीवरचे जिवाणू त्या घाणीचं खत करतात, ते झाडं घेतात आणि पाणी निवळून परत टाकीत येतं. आत्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "म्हणजे मोरीचा अळू. त्यात नवीन काय सांगतेस?"

नंतर मी जेवढं वाचलं त्यात याहून सोपी व्याख्या मला मिळाली नाही.

पण अट घातलीच. "माळ आहे गळ्यात. पाळायचे तर पाळ. या परसात मासा कापायचा नाही आणि कापणाऱ्याला विकायचाही नाही." हे म्हणाले, मग शोभेचे कोई आण. तिथेच माझा अर्धा प्रश्न सुटला, हे मला जानेवारीत मत्स्यव्यवसाय कार्यालयात गेल्यावर कळलं.

परदेशी व्हिडिओंमध्ये सगळे तिलापिया पाळतात. आपल्याकडे तो सरळ आणून सोडता येत नाही, राज्य शासनाची परवानगी लागते. आफ्रिकन मागूर तर बंदच आहे. रोहू-कटला चालतात, त्यांची बोटुकली पावसाळ्यात मिळते. तिथल्या साहेबांनी प्रधानमंत्री मत्स्य संपदा योजनेचीही माहिती दिली. परसातल्या छोट्या फिरत्या पाण्याच्या युनिटसाठी तेव्हा 50 हजारांचा प्रकल्पखर्च धरत होते आणि महिलेला 60 टक्के अनुदान होतं. आधार, जागेचा उतारा, पासबुकाचं पहिलं पान, कोटेशन, अशी कागदांची यादी मी वहीत उतरवून घेतली. मग त्यांनी विचारलं, "काम सुरू केलंय का?" मी अभिमानाने सांगितलं की टाकी आणलीसुद्धा. ते हसले. अर्ज आधी, मंजुरी मग, खरेदी त्यानंतर. शिवाय योजना मासे वाढवून विकणाऱ्यांसाठी, आणि आमच्या घरात आत्यांची अट. मी नमस्कार करून निघाले. तुम्हाला अनुदान हवं असेल तर एक पाइपसुद्धा घेण्याआधी त्या टेबलापाशी जाऊन या.

टाकी मी 14 जानेवारी 2024 ला, भोगीच्या दिवशी, भंगारवाल्याकडून आणली होती. लोखंडी जाळीतली पांढरी, हजार लिटरची, कंपन्यांमध्ये द्रवमाल येतो ती. किंमत 6,500, टेंपोचे 800. अशा टाकीत आधी काय होतं हे लेबल वाचूनच घ्या. चौकोनी धोक्याचं चिन्ह असलेली फुकट दिली तरी नको. माझ्या टाकीत लिक्विड ग्लुकोज होतं. माशांना त्रास नाही, पण धुतलेल्या पाण्यामागे पंधरा दिवस परसभर मुंग्या होत्या. ग्राइंडरने वरचा फूटभर भाग कापून उलटा केला, तो वाफा. खालची राहिली ती माशांची टाकी, त्यात 600 लिटर पाणी बसतं. वाफ्याखाली सिमेंटचे 24 ब्लॉक, 1,080 रुपये.

खडीचा अंदाज सगळ्यांचा चुकतो. ट्रॅक्टरवाला ब्रासच्या खाली बोलायला तयार नव्हता. एक ब्रास म्हणजे शंभर घनफूट, मला हवी होती बारा घनफूट. शेवटी शेजारच्या बांधकामावरून वीस मिलीमीटरची काळी खडी पाट्यांनी मोजून घेतली, 1,200 रुपये. वजन भरलं सुमारे पाचशे किलो. त्या वजनात पाणी मिळवा आणि मग ठरवा, गच्चीवर हा खेळ करायचा की नाही. आपला काळा दगड चांगला, तो पाण्याचा गुण बदलत नाही. पण मधूनमधून पांढरे खडे येतात. वाटीत व्हिनेगर घेऊन त्यात टाकले की काही फसफसतात. ते चुन्याचे. ते पाण्याचा पीएच, म्हणजे आम्ल-अल्कलीपणाचा आकडा, वर ठेवतात, आणि आमच्या बोअरचा आधीच 8.2 होता. निवडायला आत्या बसल्या, तांदूळ निवडल्यासारख्या, मांडीवर सूप घेऊन. खडी धुवायला तीन रविवार गेले. पहिल्या पाण्याचा रंग चहासारखा, दहाव्याचा ताकासारखा.

मग बेल सायफन. याने माझे अकरा दिवस खाल्ले.

वाफ्यात पाणी भरत जातं, ठरावीक उंचीला आलं की आपोआप झपकन खाली जातं, परत भरायला लागतं. त्यामुळे मुळांना पाणीही मिळतं आणि हवाही. यात हलणारा एकही भाग नाही. मधे एक इंची उभा पाइप, त्यावर वरून बंद असलेलं अडीच इंची टोपण, टोपणाला तळाशी खाचा, आणि खडी आत येऊ नये म्हणून बाहेरून भोकं पाडलेला चार इंची पाइप. कागदावर मला चित्र काढता येत होतं. प्रत्यक्षात पाणी उभ्या पाइपच्या काठावरून नळ गळल्यासारखं झिरपत राहायचं. सायफन लागतच नव्हता. पंपाचा कॉक वाढवला तर लागायचा, पण मग सुटायचा नाही, सारखी धार. प्लंबर आला, हात कमरेवर ठेवून दहा मिनिटं बघत राहिला, आणि "मॅडम, सरळ पाइप टाकू का?" म्हणाला.

शेवटी दोन गोष्टींनी जमलं. उभ्या पाइपच्या तोंडावर दीड-एक इंचाचा रिड्युसर, म्हणजे जाड-बारीक पाइप जोडायचा तुकडा, उलटा बसवला, म्हणजे तोंड नरसाळ्यासारखं झालं. आणि खाली, टाकीत पाणी पडतं तिथे, एक एल्बो लावला. 23 फेब्रुवारीच्या रात्री पहिल्यांदा तो आवाज आला: गुळ्ळ, मग घशातून ओढल्यासारखा घर्रर्र, आणि दोन मिनिटांत वाफा रिकामा. आत्या आतून म्हणाल्या, "कुणाचं पोट गुरगुरतंय गं?" आता दर पंधरा-वीस मिनिटांनी तो आवाज येतो आणि नाही आला तर मला जाग येते. एक सांगते, टोपण आणि उभा पाइप सोल्युशनने चिकटवू नका. कधीतरी उघडावं लागतंच.

पंप 40 वॅटचा, 1,450 रुपये. हवेचा पंप 900. दोन्ही मिळून महिन्याला साधारण 36 युनिट जातात. वायरमनला सांगून परसातल्या पॉइंटला आरसीसीबी, म्हणजे करंट गळला की वीज तोडणारा स्विच, बसवून घेतला. ओल्या हाताने टाकीत हात घालणार असू तर तिथे काटकसर नको. वायरला प्लगच्या खाली एक झोळ द्यायचा, म्हणजे वायरवरून आलेलं पाणी झोळातून टपकतं, प्लगमध्ये जात नाही.

25 फेब्रुवारीला पाणी फिरायला लागलं. आता मासे सोडायचे, असं मला वाटलं होतं. पण आधी जिवाणू यावे लागतात. माशांच्या कल्ल्यांतून आणि विष्ठेतून अमोनिया येतो, एका जातीचे जिवाणू त्याचं नायट्राइट करतात, दुसरे त्याचं नायट्रेट. पहिली दोन विषं, तिसरं खत. ही साखळी जमायला चार ते सहा आठवडे लागतात. तोवर टाकीत मासे नकोत, पण जिवाणूंना अमोनिया तर हवा. मी जुन्या मोज्यात मूठभर माशांचं खाद्य बांधून पाण्यात लोंबकळत ठेवलं. चार दिवसांत असा वास सुटला की शेजारच्या काकूंनी भिंतीवरून विचारलं, उंदीर मेलाय का. मैत्रिणीच्या मत्स्यालयाच्या फिल्टरचा स्पंजही आणून वाफ्यावर पिळला. ते विरजण.

टेस्ट किट 2,900 ला पडलं आणि तेव्हा जिवावर आलं. आज म्हणेन, मासे उशिरा घ्या पण किट आधी घ्या. पाच मिलीलिटर पाणी, बाटलीतले मोजून थेंब, पाच मिनिटं थांबायचं. अमोनिया नसेल तर पिवळं, असेल तर हिरवं. नायट्राइट नसेल तर निळं, असेल तर जांभळं. मी नळी स्वयंपाकघराच्या खिडकीत, सकाळच्या उजेडात धरून बघायचे. आठव्या दिवशी अमोनिया 2, म्हणजे लिटरमागे 2 मिलीग्रॅम. नायट्राइटचा पहिला जांभळटपणा 17 मार्चला. पाण्याचा पीएच जास्त असेल तर अमोनिया जास्त जाळतो, हेही तेव्हाच वाचलं. पाणी 25 अंशांवर असताना पीएच 7 ला त्यातला अर्धा टक्काच विषारी रूपात असतो, 8 ला पाच टक्क्यांच्या वर. म्हणून व्हिडिओतल्या माणसाचा आकडा आपल्या बोअरच्या पाण्याला लावायचा नाही.

21 मार्चला आशाताई डासांच्या अळ्या तपासायला आल्या. उघडं पाणी बघून त्यांच्या कपाळावर आठी. "ताई, यात तर डेंग्यूची शाळा भरंल." मी सगळं पुराण सांगितलं. दुसऱ्या दिवशी त्या आरोग्य केंद्राच्या हौदातले वीस गप्पी मासे बरणीत घेऊन आल्या, फुकट. गप्पी अळ्या खातात. आमच्या टाकीतले हे पहिले रहिवासी. ते टिकले, आणि ते टिकले म्हणूनच मी फसले.

9 एप्रिलला गुढीपाडवा होता. सहा आठवडे भरले होते, अमोनिया जवळपास शून्यावर आला होता, नायट्राइट मात्र अजून 2 दाखवत होता. पण साडेतीन मुहूर्तांतला एक. दोन-तीन इंचांचे पंधरा कोई आणले, चाळीस रुपयांना एक. पिशवी वीस मिनिटं पाण्यावर तरंगत ठेवली, मग सोडले. केशरी, पांढरे, एक काळा-पिवळा. दोन दिवस आम्ही घरातले सगळे येता-जाता खाद्य टाकत होतो.

12 तारखेला सकाळी दोन मेलेले. बाकीचे पाण्याच्या धारेखाली गर्दी करून, तोंडं वर काढून हपापल्यासारखे श्वास घेत होते. नायट्राइटची नळी जांभळाच्या रंगाची झाली, तक्त्यातला शेवटचा चौकोन, 5. मेलेल्याचा कल्ला उचलून पाहिला तर लाल हवा तो चॉकलेटी. नायट्राइटने रक्ताची प्राणवायू वाहायची ताकद जाते. टाकीत हवा कितीही सोडली तरी त्यांचा जीव गुदमरतो. खाद्य बंद केलं, अर्धं पाणी बदललं, आणि 600 लिटरला 600 ग्रॅम खडेमीठ विरघळवून घातलं. आयोडीनचं नाही, साधं. मिठातला क्लोराइड नायट्राइटला कल्ल्यातून आत शिरू देत नाही. तरी 13 ला तीन गेले, 14 ला एक.

सहा मासे शेवग्याच्या बुंध्याशी पुरले. आत्या दोन दिवस माझ्याशी कामापुरतं बोलल्या. तिसऱ्या दिवशी भाकरी थापता थापता म्हणाल्या, "कापायचे नाहीत अशी अट घातली. मारायचे नाहीत अशी घालायला पाहिजे होती." मला उत्तर सुचलं नाही. रोज पाव टाकी पाणी बदलत राहिले. 2 मे रोजी अमोनिया शून्य, नायट्राइट शून्य, नायट्रेट 40. मी ती निळी नळी धुतलीच नाही, दिवसभर खिडकीत ठेवली.

मग झाडं. मेथी खडीत फोकली, बी दगडांच्या फटीतून तळाला गेलं, संपलं. बी कोकोपीटमध्ये कागदी कपात रुजवून, मुळं धुऊन मग लावायचं. मे महिन्यात पालक लावण्यात अर्थ नव्हता. लाल माठ, पुदिना, दोन टोमॅटो लावले, आणि आत्यांनी मोरीजवळून उपटून आणलेले अळूचे चार कांदे. अळू बघता बघता सुपाएवढा झाला. पुदिना तर आवरेना, त्याची मुळं सायफनच्या जाळीत शिरतात, महिन्यातून एकदा कापावी लागतात. माशांना घालायच्या खाद्याचा हिशोब पानभाजीला चौरस मीटरमागे दिवसाला 40 ते 50 ग्रॅम असा आहे. माझा वाफा सव्वा चौरस मीटरचा, म्हणजे पन्नास-साठ ग्रॅम. नऊ लहान मासे त्याच्या पासंगालाही पुरत नाहीत. म्हणून टोमॅटो उंच झाले, फळ धरलं लिंबाएवढं.

फलटणचा मे तुम्हाला सांगायला नको. पाणी 33 अंशांवर गेलं. पाणी तापलं की त्यात प्राणवायू कमी मावतो. 1,600 ची शेडनेट वर बांधली. पांढऱ्या टाकीतून उजेड शिरून पाणी हिरवं व्हायला लागलं होतं, म्हणून बाहेरून काळा रंग मारला आणि उन्हाकडून ओलं गोणपाट.

त्याच महिन्यात वळवाच्या रात्री पावणेबाराला लाईट गेली. दोन्ही पंप बंद. अर्ध्या तासात मासे वर आले. इन्व्हर्टरची वायर परसापर्यंत ओढलेली नव्हती, डोक्यातच आलं नव्हतं. मग टाकीतलं पाणी तांब्याने उचलायचं आणि हातभर उंचावरून परत ओतायचं, एवढंच हाती होतं. ओतताना फेस येतो तेवढीच हवा. ह्यांनी तासभर केलं, मग मी. दोनच्या सुमारास मला डुलकी लागली. जाग आली तेव्हा शेडनेटवरून पाणी ठिबकत होतं, कंदील ब्लॉकवर ठेवलेला, आणि आत्या पदर खोचून टाकीपाशी उभ्या. एक तांब्या, रामकृष्णहरी. एक तांब्या, रामकृष्णहरी. मी उठायला लागले तर म्हणाल्या, "झोप तू. माझा हरिपाठ व्हायचाच आहे." साडेसहाला लाईट आली. नऊच्या नऊ होते. त्याच आठवड्यात बॅटरीवर चालणारा हवेचा पंप आणला, 2,800 रुपये. तो पहिल्या दिवशी आणायला हवा होता.

जूनमध्ये कोवळी पानं पिवळी पडली, शिरा तेवढ्या हिरव्या. लोह कमी. कृषी सेवा केंद्रात गेले तर माणूस म्हणाला, "द्राक्षाला देतात तेच न्या." चिलेटेड, म्हणजे पाण्यात विरघळून राहणारं लोह घ्यायचं, त्यातलं ईडीडीएचए, स्वस्तातलं ईडीटीए आपल्या पीएचला टिकत नाही. सगळ्यात लहान पुडा अर्ध्या किलोचा, 600 रुपये. मला लागलं वीस ग्रॅम. टाकी कोकम सरबतासारखी लाल झाली, मासे दोन दिवस दिसले नाहीत, आठवड्यात पानं सुधारली. पावसाचं गच्चीवरचं पाणी धरून घालायला लागल्यावर पीएचही उतरत 7.4 वर आला.

माव्यासाठी काहीही फवारायचं नाही, कडुनिंबाचं तेलसुद्धा जपून. पाण्याची जोरदार धार, नाहीतर बोटाने चिरडायचा. धुराची गाडी गल्लीत आली की टाकीवर ताडपत्री टाकते आणि हवेचा पंप तेवढा वेळ बंद, नाहीतर तो धूर ओढून पाण्यात सोडतो.

पाइप, खाद्य धरून एकूण खर्च 22,820 झाला. भाजी म्हणून हा पैसा वसूल व्हायचा नाही, त्या हिशोबाने कुणी उतरू नका.

जुलैत माउलींची पालखी फलटणला मुक्कामी असताना आमच्याकडे नेहमीची दिंडी उतरली. अळूचं फतफतं झालं, लाल माठाची भाजी झाली. परभणीकडचे एक आजोबा टाकीपाशी उकिडवे बसले, पाण्यात बोट घालून वास घेतला आणि विचारलं, युरिया किती घालता? मी तोंड उघडायच्या आत आत्यांनी त्यांना मोरीपाशी नेलं आणि तिथून सुरुवात करून सगळं सांगितलं. नायट्राइट हा शब्द न वापरता.

सप्टेंबरात आशाताई परत आल्या. पुढच्या गल्लीत दोघांना डेंग्यू निघाला होता आणि आरोग्य केंद्राचा हौद साफसफाईला काढलेला. आमच्याकडे मार्चमधल्या विसांचे आता किती झालेत त्याची गणतीच नव्हती. गाळणीने बरणी भरली. त्यांनी रजिस्टर उघडून विचारलं, संख्या किती लिहू? आत्यांनी चष्मा लावला, बरणी उजेडात धरली आणि बोट लावून मोजायला लागल्या.

"बेचाळीस," म्हणाल्या. "थांबा, लिहू नका. एक पिल्लू पानाखाली आहे."